सापाचं विष टोचून घेतलं की साप बाधत नाही?



पावसाळा लागला की गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, इतिवृत्त सगळं उरकल्यावर गप्पा सापावर येतात. मांजरीला उसाच्या कडेने, फुरसुंगी-उरुळीला कचरा डेपोच्या बाजूला, वडकीला डोंगराच्या पायथ्याशी, कालव्याकाठच्या वस्त्यांवर, साप कुठे दिसत नाही? यंदा मात्र नेहमीच्या गप्पांत एक नवा प्रश्न आला. "मॅडम, सापाचं विष थोडं थोडं टोचून घेतलं की साप चावला तरी बाधत नाही म्हणे. अमेरिकेतल्या एकाने केलंय. मोबाईलवर दाखवतात. खरंय का हो?" एका ताईंनी बैठक उठल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांचा मुलगा साप पकडणाऱ्या पोरांबरोबर फिरतो आणि "मी पण घेऊन बघणार" असं घरात बोलतो.

हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. यातली अर्धी गोष्ट खरी आहे, आणि अर्धी खरी गोष्ट पोरांना लवकर पटते. म्हणून आज पूर्ण गोष्ट सांगते. घरात मुलगा, पुतण्या, भाचा असेल तर त्यालाही वाचून दाखवा.

अमेरिकेतला तो माणूस

त्याचं नाव टिम फ्रीडी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला, पूर्वी ट्रक दुरुस्तीचं काम करणारा. त्याने जवळपास 18 वर्षं वेगवेगळ्या विषारी सापांचं विष स्वतःला टोचून घेतलं. आधी अगदी थोडं, मग हळूहळू वाढवत. असं 700 पेक्षा जास्त वेळा केलं, आणि शिवाय 200 च्या आसपास वेळा साप मुद्दाम चावून घेतले. तो जिवंत आहे, हे खरं.

पुढचंही खरं आहे. शास्त्रज्ञांनी त्याचं रक्त घेऊन अभ्यास केला आणि मे 2025 मध्ये 'सेल' नावाच्या शास्त्रीय नियतकालिकात तो छापून आला. त्याच्या रक्तातल्या दोन प्रतिपिंडांना एका औषधाची जोड देऊन त्यांनी मिश्रण तयार केलं. नाग-मण्यारच्या कुळातल्या 19 जातींच्या सापांचं विष उंदरांना दिलं. त्यातल्या 13 जातींच्या विषापासून उंदीर पूर्ण वाचले, बाकी 6 जातींपासून थोडाफार बचाव झाला. मोबाईलवर फिरतंय ते इथपर्यंतच.

आता न फिरणारा भाग. 2001 साली याच माणसाला एका तासाच्या आत दोन नाग चावले. विष टोचून घ्यायला सुरुवात झाली होती, तरी तो चार दिवस बेशुद्ध होता. दवाखाना होता म्हणून वाचला. दुसरी गोष्ट, ज्या शास्त्रज्ञांनी त्याचं रक्त वापरलं त्यांनीच स्पष्ट सांगितलंय, की असं कुणीही करू नये. त्यांनी त्याला विष टोचायला सांगितलं नव्हतं. त्याने ते आधीच स्वतःच्या मनाने केलेलं होतं, शास्त्रज्ञ नंतर आले.

वाद इथेच आहे. काही जण म्हणतात, त्याच्यामुळे नवं औषध निघेल, मग त्याने चांगलंच केलं. काही जण म्हणतात, अशा माणसाचं कौतुक छापून आलं की दहा पोरं तेच करायला जातील. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण आपल्यापुरतं बघायचं तर एक साधी गोष्ट लक्षात घ्या. जो वाचला त्याची बातमी होते. स्वतःच्या घरात, कुणाला न सांगता टोचून घेऊन जो गेला, त्याची बातमी कुठे होते?

अजून एक. ते मिश्रण नाग आणि मण्यार यांच्या कुळासाठी आहे. घोणस आणि फुरसं हे वेगळ्या कुळातले. त्यांच्या विषावर ते नाही. आपल्याकडे शेतात गवत कापताना, पेंढी उचलताना पायाशी येते ती घोणसच. म्हणजे अमेरिकेतल्या त्या माणसाइतकं सगळं जरी कुणी केलं, तरी आपल्या बांधावरच्या घोणशीपासून ते वाचवेलच असं नाही.

शरीर विषाशी लढतं कसं?

करोनाच्या वेळी आपण लस घेतली, तेव्हा अँटीबॉडी हा शब्द सगळ्यांच्या कानावर पडला. मराठीत प्रतिपिंडं. बाहेरून काही घातक आत आलं, की शरीर त्याला धरून निकामी करणारे बारीक कण तयार करतं. थोडं थोडं विष टोचलं की विषाविरुद्धही असे कण तयार होतात. इथपर्यंत ती गोष्ट खोटी नाही.

पण हे कण लगेच तयार होत नाहीत. आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. महिन्याला शंभर रुपये टाकले, तर वर्षाने थोडी शिल्लक दिसते. उद्या सकाळी एकदम लाखाचं बिल आलं, तर ती शिल्लक पुरणार नाही आणि नवी बचत करायला वेळही मिळणार नाही. लस चालते, कारण आजार शरीरात हळूहळू वाढतो आणि शरीराला तयारीला दिवस मिळतात. सापाचं विष दिवस देत नाही. ते एका क्षणात भरपूर आत येतं आणि काही तासांत काम करतं. म्हणून टोचून घेणाऱ्याला ती शिल्लक कायम भरलेली ठेवावी लागते, म्हणजे वर्षानुवर्षं टोचतच राहावं लागतं. सोडलं की शिल्लक उतरायला लागते.

आणि प्रत्येक सापाचं विष वेगळं. नाग आणि मण्यारचं विष मुख्यतः नसांवर जातं. डोळ्यांच्या पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. घोणस आणि फुरशाचं विष रक्तावर जातं. रक्त गोठायचं बंद होतं, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं, चावलेली जागा सुजते, घोणशीमुळे मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. एकाची तयारी दुसऱ्याला चालत नाही.

टोचून घेण्याचे धोके तर वेगळेच. जिथे टोचलं तिथलं मांस सडू शकतं. मात्रा थोडी चुकली की तो सर्पदंशच झाला. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ऍलर्जी. काहींच्या शरीरात परत परत विष गेल्यावर ताकद वाढण्याऐवजी उलटंच होतं. पुढच्या वेळी अगदी थोड्या विषानेही अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, रक्तदाब एकदम खाली येतो. आपलं शरीर कुठल्या बाजूला जाईल हे आधी कळत नाही.

हे काम घोड्याने कधीच करून ठेवलंय

आता तुम्ही म्हणाल, मग थोडं थोडं विष देऊन प्रतिपिंडं तयार करायची कल्पनाच चुकीची का? नाही. कल्पना बरोबर आहे. फक्त ती माणसावर करायची गरज उरलेली नाही, कारण गेली सव्वाशे वर्षं हे काम घोडा करतोय.

1890 च्या दशकात फ्रान्सच्या पाश्चर संस्थेतल्या आल्बेर काल्मेत यांनी सापाच्या विषावरचं पहिलं औषध तयार केलं. पद्धत आजही मुळात तीच आहे. निरोगी घोड्याला विष अगदी कमी मात्रेत, पशुवैद्यांच्या देखरेखीखाली, काही महिने टोचतात. घोड्याचं अंग मोठं, तो ते सहन करतो आणि त्याच्या रक्तात भरपूर प्रतिपिंडं तयार होतात. मग त्याचं थोडं रक्त काढून त्यातला पाण्यासारखा भाग वेगळा करतात, शुद्ध करतात आणि बाटलीत भरतात. हेच आपलं प्रतिविष. दवाखान्यात त्याला एएसव्ही म्हणतात. बचतीच्या भाषेत सांगायचं तर स्वतःची शिल्लक नसताना हातात पडणारी ही तयार रक्कम आहे.

आपल्या राज्यात हे काम मुंबईच्या परळची हाफकिन संस्था कित्येक वर्षं करत आली. आणि यात आपल्या हडपसरचाही वाटा आहे, हे फार जणींना माहीत नसतं. इथल्या पूनावाला कुटुंबाचा शर्यतीच्या घोड्यांचा फार्म होता. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे सीरम तयार करायला हाफकिनला दिले जायचे. त्यातूनच सायरस पूनावाला यांनी 1966 मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. सुरुवात झाली घोड्यांपासून मिळणाऱ्या धनुर्वाताच्या औषधाने. पुढे 1980 च्या दशकात तिथे सर्पदंशावरचं प्रतिविषही तयार झालं. लस म्हटलं की आपल्याला करोनाची लस आठवते, पण या संस्थेची पायाभरणी घोड्याने केलीय. कंपनीच्या नावातलं सीरम म्हणजे रक्तातला तोच पाण्यासारखा भाग.

भारतात मिळणारं नेहमीचं प्रतिविष चार सापांवर चालतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आपल्याकडच्या विषारी दंशांपैकी बहुतेक याच चौघांचे. म्हणून दवाखान्यात जाताना साप पकडून न्यायची गरज नाही. आणि हे औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

त्यातही उणिवा आहेत. ते घोड्याच्या रक्तातून आलेलं असल्यामुळे काहींना खाज, हुडहुडी, रक्तदाब उतरणं असा त्रास होतो. म्हणून ते डॉक्टरांसमोर, शिरेतूनच द्यायचं असतं, घरी आणून कंपाउंडरकडून टोचून घ्यायचं नसतं. आणि एका बाटलीत भागत नाही, सुरुवातीलाच साधारण दहा बाटल्या लागतात. फ्रीडीच्या रक्ताचा अभ्यास चाललाय तो याच उणिवा भरून काढायला. तो अभ्यास प्रयोगशाळेत होऊ दे. त्यासाठी आपल्या वस्तीतल्या पोराने हात पुढे करायची गरज नाही.

"मला काही होत नाही" म्हणणारे

आपल्याकडे अजून एक समज आहे. जो साप पकडतो, ज्याला दोन-चार वेळा साप चावलाय, त्याला आता विष बाधत नाही. मांत्रिकाने उतरवलं आणि माणूस उठून बसला, हेही आपण ऐकतो.

यामागचं कारण साधं आहे. आपल्याकडे दिसणारे बरेच साप बिनविषारी असतात. धामण, तस्कर, पाणदिवड, मण्यारसारखा दिसणारा कवड्या, हे चावले तरी विष नाही. आणि विषारी सापही दरवेळी विष सोडतोच असं नाही. त्याला कोरडा दंश म्हणतात. अशा माणसाला मांत्रिकाकडे नेलं काय किंवा पारावर बसवलं काय, तो बराच होणार. नाव मात्र मांत्रिकाचं होतं. आणि साप पकडणाऱ्या पोराला वाटतं, मला विष पचतं.

केरळमधले वावा सुरेश हे साप पकडण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहेत. त्यांना आयुष्यात कितीतरी वेळा साप चावले. तरी 2022 च्या सुरुवातीला नाग पकडताना मांडीला चावला, तेव्हा त्यांना कोट्टायमच्या सरकारी दवाखान्यात व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. आधीच्या इतक्या दंशांनी त्यांना वाचवलं नाही. प्रतिविषाने आणि डॉक्टरांनी वाचवलं.

पुण्यातलं उदाहरण बघा. कात्रजचं सर्पोद्यान ज्यांच्या प्रयत्नांतून उभं राहिलं ते नीलिमकुमार खैरे. 1980 मध्ये ते काचेच्या खोलीत 72 विषारी सापांबरोबर 72 तास राहिले होते. लोक ही गोष्ट सांगताना म्हणतात, त्यांना विष बाधतच नसणार. पण त्यांना दाखवायचं होतं ते वेगळंच. सापाला डिवचलं नाही, तर तो आपणहून अंगावर येत नाही. ही गोष्ट मात्र पोरांना जरूर सांगा.

आणि कायदाही सांगा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. विषारी साप घरात ठेवणं, त्याचं विष काढणं, विकणं हा गुन्हा आहे. घरात साप निघाला तर वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा.

चावलाच तर

भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी, आणि बहुतेक पावसाळ्यात. औषध असूनही इतकी माणसं जातात, कारण माणूस दवाखान्यात उशिरा पोहोचतो. केंद्र सरकारने 2024 मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणलाय. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात ठरलंय. ते दिल्लीत बसून होणार नाही, आपल्या दारातून निघालेली गाडी वेळेत पोहोचली तरच होईल.

म्हणून एवढं पाठ करा:

1. माणसाला धीर द्या. पळवू नका, चालवत नेऊ नका. उचलून किंवा गाडीवर मध्ये बसवून न्या.

2. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी किंवा घडी केलेला पेपर लावून सैल बांधा. दोरीने आवळू नका. आवळून बांधलं की रक्त अडतं आणि हात-पाय गमवायची वेळ येते.

3. बांगड्या, अंगठ्या, जोडवी, पैंजण लगेच काढा. सूज आली की निघत नाहीत आणि मांसात रुततात. हिरवा चुडा असला तरी वाढवा. अपशकुन मानू नका. हात वाचला तर चुडा परत भरता येतो.

4. ब्लेड मारू नका, तोंडाने विष ओढू नका, हळद-तंबाखू-जडीबुटी लावू नका. कडुनिंब गोड लागतो का, मिरची तिखट लागते का, हे बघण्यात वेळ घालवू नका.

5. 108 ला फोन करा. गाडीला वेळ लागणार असेल तर जी गाडी मिळेल तिने सरकारी दवाखान्यात न्या. पुण्यात ससून आहेच. जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिविष असेल तर पहिली मात्रा तिथेच सुरू होऊ द्या.

6. किती वाजता चावला आणि वाटेत काय काय त्रास सुरू झाला, ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. काही त्रास दिसत नसला तरी चोवीस तास देखरेखीखाली राहा.

मण्यारबद्दल वेगळं सांगते. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. खूण दिसत नाही, दुखत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, मग डोळे उघडत नाहीत. आपल्याला वाटतं रात्रीचं जेवण बाधलं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस असं उठलं तर आधी सर्पदंशाचा संशय घ्या. जमेल तिने खाटेवर झोपा, नाहीतर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा.

आपल्या गटाने काय करायचं

पुढच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या आणि तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या. पहिली, आपल्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात प्रतिविष आहे. हे आशाताईंना बरोबर घेऊन प्रत्यक्ष जाऊन विचारायचं, ऐकीव माहितीवर राहायचं नाही. दुसरी, वस्तीत रात्री-अपरात्री कोणाची गाडी मिळेल, त्यांचे दोन-तीन नंबर. तिसरी, अशा वेळी गटाच्या पेटीतून सही-ठरावाची वाट न बघता किती रक्कम तातडीने द्यायची. औषध मोफत असलं तरी गाडी, जेवण, बुडालेली मजुरी याला पैसा लागतोच, आणि पैसे गोळा करण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

शेतकरी कुटुंबात सर्पदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून 2 लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी दवाखान्याचे कागद लागतात. कोणावर अशी वेळ आलीच, तर कागद जपून ठेवा आणि लगेच सहायक कृषी अधिकाऱ्यांना भेटा.

आणि ज्या घरात मुलगा "मी पण विष घेऊन बघतो" म्हणतोय, त्या घरातल्या ताईंना सांगते. त्याच्यावर ओरडू नका. ओरडलं की तो लपून करेल. त्याला साप आवडतात ही वाईट गोष्ट नाही. एका रविवारी त्याला कात्रजला न्या, तिथल्या माणसांशी बोलू द्या. दवाखान्यांची आणि गाड्यांची ती यादी करायचं काम त्यालाच द्या. फोन त्याच्याकडे आहे, गाडी चालवता येते, साप ओळखता येतात. वस्तीतला कोणी रात्री दोन वाजता ससूनला न्यायचा असेल, तेव्हा त्या पोराचा खरा उपयोग होईल.